चढावर अडलेली गाडी आणि बर्थाबाईंचा गिअर

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले की महामार्गावर लाखनी तालुक्यातले गडेगाव लागते. तिथल्या अशोक लेलँडच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून मोठ्या गाड्यांचे गिअरबॉक्स तयार होतात. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या दातेरी चाकांवर पेटते. पण मुळात ही दातेरी चाके हवीत कशाला? इंजिन थेट चाकांना जोडून दिले तर काय बिघडते? मोटारगाडीच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यांदा घाम गाळून सोडवावा लागला तो एका एकोणचाळीस वर्षांच्या बाईला. सोबत दोन पोरे, पुढे चढ आणि खाली दम टाकणारी तीनचाकी गाडी. साल १८८८, देश जर्मनी, बाईंचे नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, बाडेन संस्थानातल्या फोर्झहाइम गावचा. वडील कार्ल फ्रिडरिश रिंगर हे सुतारकामातून वर आलेले, पैसा गाठीला असलेले बांधकाम व्यावसायिक. घरच्या बायबलच्या पानावर लेकीच्या जन्माची नोंद करताना त्यांनी पुन्हा मुलगीच झाल्याची खंतही लिहून ठेवली होती, असे सांगतात. ती नोंद पुढे मुलीच्या वाचनात आली. आपल्याकडे अशी खंत कागदावर उतरत नाही एवढाच काय तो फरक. मुलगी हुशार होती, शाळेत विज्ञानाचे विषय तिला आवडत आणि यंत्र कसे चालते हे वडिलांना विचारून विचारून ती भंडावून सोडी. पण बाईचा मेंदू अवघड शिक्षण पेलू शकत नाही, असे त्या काळी भलेभले डॉक्टर आणि प्राध्यापकही छातीठोकपणे सांगत. त्यामुळे मुलींच्या शाळेपुढचे दार तिच्यासाठी बंदच होते.

१८६९ च्या एका सहलीत तिची कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी गाठ पडली. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होते. खिसा मात्र रिकामा. १८७१ मध्ये त्याने मानहाइममध्ये भागीदारीत कारखाना काढला, तोच भागीदाराशी बिनसले. कारखाना हातचा जायची वेळ आली तेव्हा बर्थाने लग्नात मिळायचे आपले स्त्रीधन वडिलांकडून आधीच मागून घेतले. त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा सोडवला गेला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचे लग्न झाले आणि त्याच दिवशी कायद्याची गंमत सुरू झाली. अविवाहित मुलगी म्हणून ती आपला पैसा धंद्यात घालू शकत होती. लग्न होताच तो हक्क संपला. पैसा तिचा, पण कागदावर तिचे नाव कुठेच नाही. पुढे पेटंट निघाले तेही एकट्या कार्लच्या नावाने.

नंतरची दहा-पंधरा वर्षे ओढगस्तीची होती. १८७३ मध्ये ऑयगन, १८७४ मध्ये रिशार्ड आणि पुढे तीन मुली. एकीकडे घरात लेकरे, दुसरीकडे कारखान्यात न चालणारे इंजिन. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्री जेवणे झाल्यावर बर्थाबाईंनीच नवऱ्याला पुन्हा एकदा प्रयत्न करायला कारखान्यात नेले आणि त्या रात्री दोन स्ट्रोकचे इंजिन पहिल्यांदा न थांबता धडधडत राहिले, अशी आठवण या कुटुंबात जपली गेली. या इंजिनाने पोट चालू लागले. मग गाडीच्या चार स्ट्रोकच्या इंजिनावर काम सुरू झाले. २९ जानेवारी १८८६ रोजी ३७४३५ क्रमांकाचे ते प्रसिद्ध पेटंट दाखल झाले. तीन चाके, मागे एकच सिलिंडर, पाऊण अश्वशक्तीच्या आसपास जोर आणि ताशी सोळा किलोमीटरचा वेग.

गाडी झाली, पण गिऱ्हाईक मिळेना. लोक बघायला जमत, हसत आणि घोडागाडीत बसून घरी जात. कार्ल बेंझ हा अतिशय काटेकोर माणूस. अजून थोडे सुधारू, मग दाखवू, असे त्याचे चाले. हा गुण यंत्राला चांगला, पण धंद्याला वाईट. गाडी गावातल्या सपाट रस्त्यावर फिरवून परत आणायची, यापलीकडे तिची परीक्षा झालेलीच नव्हती. बर्थाबाईंच्या हे लक्षात आले होते. लांबच्या प्रवासात, माणसे बसवून, चढ-उतार पार करून गाडी टिकते का, याचे उत्तर कारखान्यात बसून मिळणार नव्हते.

ऑगस्ट १८८८ मध्ये मुलांच्या सुट्टीत एका पहाटे त्या उठल्या, पंधरा वर्षांच्या ऑयगनला आणि चौदाव्या वर्षात असलेल्या रिशार्डला घेतले आणि नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. इतक्या लांब मोटारगाडी तोवर कुणी नेली नव्हती. रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे, पाट्या नाहीत, पंप नाही, गॅरेज नाही.

पहिला प्रश्न पेट्रोलचा आला. त्या काळी लिग्रोइन नावाचा पेट्रोलसारखाच पातळ द्रव कपड्यांवरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळे. वीसलोख गावच्या औषधालयात बाईंनी तो मागितला आणि त्या दुकानाची जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ख्याती झाली. आजही तिथे या घटनेची आठवण जपली आहे. दुसरा त्रास पाण्याचा. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, त्यामुळे विहीर दिसो की ओढा, थांबून पाणी भरावे लागे. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली. एका तारेचे आवरण झिजले, तिथे मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. साखळी ताणली गेली, तेव्हा ब्रुखझालच्या लोहाराने मदत केली. ही सगळी यादी जगभर सांगितली जाते आणि ती गमतीदार आहेच. माझ्या मते मात्र त्या दिवसाचे खरे दुखणे चढाचे होते.

सपाटीवर गाडी बरी चाले. चढ लागला की इंजिनाचा आवाज खाली खाली जाई आणि गाडी थांबे. मग पोरांनी खाली उतरून ढकलायचे. विल्फर्डिंगेनच्या पुढचा चढ तर इतका अवघड होता की गावकऱ्यांचे हात लावावे लागले. माणसे वाहून नेणारी गाडी माणसांनीच ढकलायची, म्हणजे सगळे उलटेच.

असे का झाले ते थोडा हिशेब केला की कळते. समजा गाडी आणि माणसे मिळून वजन ५०० किलो आहे आणि रस्ता दर दहा मीटरला एक मीटर चढतो. केवळ चढण्यासाठी ५० किलो वजन उचलण्याएवढी ओढ सतत हवी. हे काम ताशी १६ किलोमीटर वेगाने करायचे तर जवळपास तीन अश्वशक्ती लागते. तेच काम ताशी ५ किलोमीटरने केले तर एक अश्वशक्तीपेक्षाही कमी पुरते. बर्थाबाईंच्या गाडीचे इंजिन होते दोन-अडीच अश्वशक्तीचे. आजच्या १०० सीसीच्या साध्या मोटारसायकलचे इंजिन सात-आठ अश्वशक्तीचे असते, यावरून अंदाज घ्या. तरीही त्या इंजिनात चढ चढायचा दम होता. फक्त त्याला हळू चढण्याची सोय नव्हती. हळू जायचे म्हटले की इंजिनाचे फेरेही कमी होत आणि फेरे कमी झाले की जोरच जाई.

आपले शरीर ही सोय न सांगता करते. तुमसरजवळच्या अंबागडाचा चढ लागला की आपण पावले लहान टाकतो. हृदय आणि फुप्फुसे झेपेल तेवढ्याच गतीने काम करत राहतात, पाय मात्र प्रत्येक पावलाला कमी उंची गाठतात. सायकलवाला पुढचे दातेरी चाक लहान घेतो, पाय भरभर फिरतात, सायकल हळू जाते आणि चढ पार होतो. गिअर म्हणजे हेच. इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर फिरू द्यायचे आणि चाकाला कमी फिरवायचे. जितके फेरे कमी, तितका चाकावरचा पीळ जास्त. गॅरेजमध्ये या पिळालाच टॉर्क म्हणतात. यात फुकट काहीच मिळत नाही, वेग देऊन ओढ विकत घ्यावी लागते. शंकरपटाचा बैल आणि ओझ्याचा बैल वेगळे ठेवता येतात, गाडीला मात्र दोन्ही कामे एकाच इंजिनाकडून करून घ्यायची असतात.

अंधार पडता पडता तिघे फोर्झहाइमला पोचले आणि बाईंनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने, वेगळ्या वाटेने, त्या परत आल्या. जाऊन येऊन १९४ किलोमीटर झाले. घरी आल्यावर कार्लच्या हाती त्यांनी प्रवासातल्या अडचणींचा हिशेब ठेवला. त्यातली मोठी मागणी चढासाठी आणखी एका कमी वेगाच्या गिअरची होती आणि कार्लने ती मान्य केली. त्या गाडीत दातेरी चाकांचा बंद डबा नव्हता. इंजिनाचा जोर चामड्याच्या पट्ट्याने आडव्या दांड्यावर आणि तिथून साखळ्यांनी मागच्या चाकांवर जाई. त्याच मांडणीत जादा वेगबदलाची सोय करण्यात आली. दुसऱ्याच वर्षी, १८८९ मध्ये, डाइमलर आणि मायबाख यांनी दातेरी चाकांचा चार वेगांचा गिअर असलेली गाडी पुढे आणली. मग पट्ट्यांचे दिवस हळूहळू संपले.

इथे थोडे आपल्या गावाकडे येऊ, कारण बर्थाबाईंचा प्रश्न आजही भंडाऱ्यातल्या गॅरेजांत रोज विचारला जाऊ शकतो. जुनी जीप किंवा जीपवर बांधलेली पिकअप काही जणांनी हौसेने जपलेली असते आणि हंगामात तिच्यामागे धानाच्या पोत्यांची छोटी ट्रॉलीही लागते. गाडी ओढत नाही म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो मोठे इंजिन टाकण्याचा. मला हा सल्ला उलटा वाटतो. आधी गिअरबॉक्स बघावा, मग मागच्या एक्सलचा रेशो आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

विलीजच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेल्या जुन्या सीजे-३बी जीपचेच उदाहरण घ्या. तिचा गिअरबॉक्स तीन वेगांचा. पहिल्या गिअरचा रेशो सुमारे २.८ आणि एक्सलचा सुमारे ५.४. म्हणजे इंजिनाचे पंधरा फेरे झाले की चाकाचा एक. हलक्या गाडीला हे पुरते. मागे ट्रॉली भरली आणि चढावर थांबून पुन्हा निघायचे झाले की ते कमी पडते आणि ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी रेटतो. जळकट वास येतो तो क्लच प्लेटचा. त्याच जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा लो दिला, तर सुमारे अडीच पटींची भर पडते आणि इंजिनाच्या सदतीस-अडतीस फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. मग गाडी मुंगीच्या पावलाने जाते, पण जाते. मात्र या लोमध्ये पुढची चाकेही जोडलेली असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना दांडे आणि गिअर ताणले जातात, म्हणून तो चिखलापुरता आणि बांधीतून बाहेर निघण्यापुरताच वापरावा.

तेव्हा ओझे ओढण्यासाठी गिअरबॉक्स बदलायचाच असेल, तर पहिला गिअर खूप खालचा असलेला चार वेगांचा गिअरबॉक्स घ्यावा. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर असलेला बॉक्स कागदावर आकर्षक दिसतो. महामार्गावर रिकामी गाडी पळवायला तो चांगलाच, इंजिन शांत राहते आणि डिझेल वाचते. पण ओव्हरड्राइव्हमध्ये चाकांकडे जाणारा दांडा इंजिनापेक्षा जोरात फिरतो, म्हणजे पीळ आणखी घटतो. भरलेली ट्रॉली लावून त्या गिअरमध्ये रेटत राहिले की इंजिन कुंथते आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. ज्याला दोन्ही हवे त्याने पाच वेगांचा बॉक्स जरूर घ्यावा, पण ट्रॉली मागे असताना चौथ्यावरच राहावे. आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सांगितली जात नाही. प्रत्येक गिअरबॉक्स ठरावीक पिळापुरताच बनवलेला असतो. पेट्रोल इंजिनासाठीच्या जुन्या बॉक्सला जोरदार डिझेल इंजिन जोडले की दात तुटायला वेळ लागत नाही. शिवाय इंजिन बदलल्याची आरटीओकडे नोंद लागते ती वेगळीच.

गडेगावचा कारखाना ज्या सिंक्रोमेश प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी ओळखला जातो, तो ओझ्याच्या गाडीला का हवा हेही यातच आले. जुन्या बॉक्समध्ये वेगवेगळ्या गतीने फिरणारी दातेरी चाके एकमेकांत बसवताना ड्रायव्हरला डबल क्लच मारावा लागे. जमले नाही की करकर आवाज. सिंक्रोमेशमध्ये पितळेसारख्या धातूची शंकूच्या आकाराची कडी आधी दोन्ही भागांची गती घासून सारखी करते आणि मगच दात अडकतात. १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाड्यांमधून ही सोय लोकांपर्यंत पोचली. जुन्या जीपच्या तीन वेगांच्या बॉक्समध्ये मात्र पहिल्या गिअरला ती नव्हती. चढावर दुसऱ्यावरून पहिल्यावर यायला जावे आणि गिअर पडूच नये, गाडी न्यूट्रलमध्ये मागे सरकू लागावी, मागे ट्रॉली असावी, हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून जुना बॉक्स ठेवायचाच असेल तर चढ सुरू होण्याआधी, गाडी थांबवून पहिला गिअर टाकावा.

उताराचेही तसेच आहे आणि इथे पुन्हा बर्थाबाई आठवतात. त्यांच्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडाचा ठोकळा. लांब उतारांवर तो झिजून गेला. वाटेतल्या बाउश्लॉट गावात त्यांनी चांभाराकडून ठोकळ्यावर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण ब्रेक लायनर म्हणतो त्याची ती सुरुवात मानली जाते. पण लायनर कितीही चांगला असो, लांब उतारावर सतत दाबला की तापतो आणि तापला की पकड सोडतो. ट्रॉली मागून ढकलत असताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी लागते. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने ड्रायव्हर सांगतात. ते बरोबरच आहे. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग आजही दिसतात. त्यांच्या मागच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, हेही ते विसरतात.

बर्थाबाईंच्या प्रवासानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १८८८ मध्ये, म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. लांबचा प्रवास करून आलेली गाडी म्हणून तिच्याकडे बघायची लोकांची नजर बदलू लागली. विक्री एकदम वाढली असे नाही, पण वाढली. १८९४ मध्ये स्वस्त आणि हलकी वेलो गाडी आली आणि १८९९ मध्ये या कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हाच्या जगात एवढ्या गाड्या दुसरे कुणी बनवत नव्हते.

१९०३ मध्ये मतभेदांमुळे कार्ल बेंझ कंपनीच्या रोजच्या कामातून बाजूला झाला. कुटुंब लाडेनबुर्गला राहायला गेले, तिथे मुलांसोबत नवा कारखाना निघाला. १९२६ मध्ये मूळची कंपनी डाइमलरशी एकत्र झाली. आपल्या आठवणींच्या पुस्तकात कार्लने, बुडायची वेळ आली तेव्हा सोबत एकटी बायकोच राहिली, हे स्वच्छ मान्य केले. नवऱ्याने छापील पुस्तकात एवढे लिहावे, ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. ४ एप्रिल १९२९ रोजी तो गेला.

बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. दोन महायुद्धे पाहिली. ज्या रस्त्याने त्या पोरांना ढकलायला लावत माहेरी गेल्या, त्या रस्त्यांवर मोटारी आणि ट्रकांची रांग लागलेली पाहिली. मानहाइम ते फोर्झहाइम या वाटेवर २००८ पासून त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर केले. त्यांच्या तरुणपणी त्या भागातले एकही विद्यापीठ मुलींना रीतसर प्रवेश देत नव्हते. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी त्यांचे निधन झाले.